हिरव्या ढेकणाची वाटचाल

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी अभ्यासलेख)

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. बंजारा समाजाचे पोहरादेवी हे श्रद्धास्थान याच तालुक्यात असल्याने त्याचे नाव राज्यभर परिचित आहे. येथील शेती बहुतांशी कोरडवाहू आहे. सोयाबीन, तूर, कापूस आणि ओलावा राहिल्यास हरभरा, असा येथील पिकांचा क्रम आहे. पूर्वी विदर्भात ज्वारी, मूग व उडीद यांचे मोठे क्षेत्र असे. गेल्या तीन-चार दशकांत त्यातील बरेचसे क्षेत्र सोयाबीनने व्यापले आणि तुरीचे तास सोयाबीनच्या ओळींमध्ये आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल नगदी उत्पन्नाचा होता. कीटकांच्या दृष्टीने मात्र तो हजारो हेक्टरांवर एकाच वेळी शेंगा भरणारे नवे अन्नक्षेत्र निर्माण होण्याचा होता.

कोणतीही कीड नव्या प्रदेशात शिरते ती स्वतःच्या पंखांच्या बळावर कमी आणि माणसाने तयार केलेल्या वाटांनी अधिक, ही गोष्ट प्रस्तुत लेखात हिरव्या ढेकणाच्या उदाहरणाने स्पष्ट करावयाची आहे. ही कीड आजमितीस विदर्भातील सोयाबीनची प्रमुख शत्रू नाही. खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी व पाने खाणारी अळी यांचा उपद्रव तिच्याहून मोठा आहे. तथापि जगातील अनेक देशांत प्रारंभी गौण असलेला ढेकूण पीकपद्धती बदलताच प्रमुख कीड बनला. म्हणूनच त्याचा अभ्यास तो गौण आहे तोवरच करणे शहाणपणाचे होय.

ओळख

इंग्रजीत ज्यांना स्टिंक बग म्हणतात ते ढेकूण ढालीच्या आकाराचे असतात आणि डिवचल्यास उग्र वास सोडतात. घरातील खाटेतला ढेकूण व शेतातील हा ढेकूण हे एकाच मोठ्या गणातील असले तरी त्यांची कुले वेगळी आहेत. खाटेतला ढेकूण रक्त शोषतो, तर शेतातील ढेकणांपैकी बहुतेक झाडाचा रस शोषतात.

हिरव्या ढेकणाचे शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला असे आहे. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. प्रौढ ढेकूण सुमारे दीड सेंटिमीटर लांब व एकसारखा हिरवा असतो. पाठीवरील त्रिकोणी ढालीच्या पुढच्या कडेवर ओळीने तीन बारीक पांढुरके ठिपके दिसतात. ही खूण विद्यार्थ्यांनाही साध्या भिंगाने ओळखता येते. थंड प्रदेशात हिवाळी विश्रांतीच्या काळात हाच कीटक तपकिरी होतो. त्यामुळे केवळ रंगावरून निदान करू नये.

त्याचा वास अल्डिहाइड वर्गातील रसायनांमुळे येतो. याच वर्गातील रसायने कोथिंबिरीच्या पानांतही असतात. काही लोकांना कोथिंबिरीचा वास ढेकणासारखा वाटतो त्याचे कारण हेच. हा वास ढेकणाचे संरक्षण करतो, पिकाला त्यापासून अपाय होत नाही. खरा अपाय सोंडेने होतो.

जीवनक्रम

मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. पिंपाच्या आकाराची ही पिवळसर अंडी एकमेकांना चिकटून सुबक रांगांत असतात व एका पुंजक्यात ती साधारणतः ४० ते १०० भरतात. उबण्याच्या सुमारास त्यांवर लालसर छटा येते. बाहेर पडलेली पिले प्रथम अंड्यांच्या कवचाभोवतीच गोळा होऊन बसतात व या अवस्थेत पिकाचे नुकसान करीत नाहीत. त्यानंतर ती पांगतात आणि एकूण पाच अवस्था पार करून पंख असलेले प्रौढ होतात. पिले काळसर असून त्यांच्या पाठीवर पांढरे, पिवळे व तांबूस ठिपके असतात. ती प्रौढाहून इतकी वेगळी दिसतात की दोन्ही एकाच जातीची आहेत हे शेतकऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे पाच आठवड्यांत पूर्ण होतो आणि वर्षात अनेक पिढ्या होतात.

तीसहून अधिक कुलांतील वनस्पतींवर हा ढेकूण जगू शकतो; मात्र शेंगवर्गीय पिके त्यास विशेष प्रिय आहेत. आपल्या भागातील पिकांचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भाद्रपदात सोयाबीनच्या शेंगा भरतात, सोयाबीन कापले जाते तेव्हा तूर फुलावर येऊ लागते, आणि तूर निघेपर्यंत विहिरीवरच्या मळ्यात भाजीपाला उभा असतो. थंड देशांत कडक हिवाळा ढेकणांची संख्या कमी करतो. आपल्याकडे हिवाळा तेवढा कडक नसतो, तेव्हा त्याला आवर बसतो तो मुख्यतः हिरव्या अन्नाच्या तुटवड्याने. बांधावरचे तण आणि एकामागून एक येणारी पिके हा तुटवडा जितका भरून काढतील तितकी त्याची पुढील पिढी मोठी होईल.

नुकसानीचे स्वरूप

ढेकूण आपली सुईसारखी सोंड शेंगेतून थेट दाण्यात खुपसतो, लाळ सोडून आतील गर पातळ करतो व शोषून घेतो. कोवळ्या शेंगेवर हल्ला झाल्यास दाणा भरतच नाही; शेंग चपटी राहते किंवा गळते. भरत्या शेंगेतील दाणा सुरकुततो आणि त्यावर डाग पडतो. सोंडेच्या छिद्रातून सूक्ष्म बुरशीचा शिरकाव होऊन दाणा आतून खराब होतो, तो निराळाच. काही वेळा शेंगा रिकाम्या राहिल्यामुळे झाड वेळेवर पिवळे न पडता हिरवेच उभे राहते आणि कापणीच्या वेळी शेतकरी चकित होतो.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट बियाण्याची आहे. सोयाबीनचे घरचे बियाणे राखून पुढील वर्षी पेरण्याचा आग्रह कृषी विभाग धरीत आला आहे व ते योग्यच आहे. तथापि ढेकणाने टोचलेला दाणा वरून बरा दिसला तरी त्याची उगवणशक्ती घटलेली असू शकते. त्यामुळे या किडीचे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. ते कोठीतून पुढच्या मृगाच्या पेरणीपर्यंत पोहोचते आणि दुबार पेरणीचा खर्च अशा शेतकऱ्यावर पडतो, ज्याला तो सर्वांत कमी परवडतो.

तुरीवर याच प्रकारचे नुकसान करणारा दुसरा एक कीटक आहे. त्यास शेंगांवरील ढेकूण म्हणतात. तो तपकिरी असून त्याच्या मागच्या मांड्या जाड व काटेरी असतात. तो निराळ्या कुलातील आहे. नोंद करताना दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

नव्या प्रदेशात प्रवेश

हिरव्या ढेकणाचे मूळ स्थान पूर्व आफ्रिका किंवा भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश असावा, असे अभ्यासक मानतात. आज तो सर्व खंडांतील उष्ण व समशीतोष्ण भागांत पसरला आहे. १९६१ मध्ये तो प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर आढळला. एवढा समुद्र कोणताही ढेकूण उडून ओलांडीत नाही. मालासोबतच तो तेथे पोहोचला असला पाहिजे.

प्रसाराच्या तीन वाटा येथे सांगता येतील. पहिली वाट व्यापाराची. आपल्याकडे मोहरी, मुळा व कोबी यांवर काळ्या-नारिंगी ठिपक्यांचा बगराडा नावाचा ढेकूण पूर्वापार आढळतो. तोच २००८ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात प्रथम दिसला आणि थोड्याच वर्षांत तेथील कोबीवर्गीय भाज्यांची मोठी कीड ठरला. आपल्या परिचयाचा कीटक परक्या भूमीत असा उग्र होतो. त्याचप्रमाणे परका कीटक आपल्याकडे उग्र होऊ शकतो.

दुसरी वाट हवामानाची. जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी हिरव्या ढेकणाची उत्तर सीमा वाकायामा भागात होती. पुढे हिवाळे सौम्य होत गेले आणि २००० च्या सुमारास तो सुमारे ७० किलोमीटर उत्तरेस, ओसाकापर्यंत स्थिरावल्याचे तेथील अभ्यासकांनी दाखवून दिले.

तिसरी वाट पिकाची, आणि मानोऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत बोधप्रद आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीन प्रथम दक्षिणेकडील प्रांतांत रुजले व तेथे हिरवा ढेकूण प्रमुख कीड होता. पुढे सोयाबीन मध्य ब्राझीलच्या अधिक उष्ण पठारावर पसरले. तेथे १९७० च्या दशकापर्यंत क्वचित दिसणारा तपकिरी ढेकणाचा एक स्थानिक प्रकार पुढे आला आणि आज तो त्या देशातील सोयाबीनचा सर्वांत महत्त्वाचा ढेकूण मानला जातो. हा कीटक परदेशातून आलेला नव्हता. तो तेथेच होता. त्याच्या दारी पीक गेले.

ओळखीतील विलंब

कीड येणे आणि ती आल्याचे कळणे यांमध्ये जो काळ जातो, त्यावर पुढचे सर्व अवलंबून असते. चीन, जपान व कोरिया हे मूळ स्थान असलेला तपकिरी संगमरवरी ढेकूण १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात, ॲलनटाउन या शहरात लोकांना दिसू लागला. हिवाळ्यात तो घरांत आसरा घेई. परंतु तेथे पूर्वीपासून असलेला तपकिरी ढेकूणच हा असावा, अशी प्रथम समजूत झाली. तो परदेशी आहे हे निश्चित झाले २००१ मध्ये. तोवर त्याचे ठाणे पक्के झाले होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातील सफरचंद उत्पादकांचे सुमारे ३ कोटी ७० लक्ष डॉलरचे नुकसान त्याने केले. हाच ढेकूण २०१६ मध्ये जॉर्जिया या देशातील हेझलनटच्या बागांवर संकट होऊन आला.

याउलट न्यूझीलंडने आधीच सावध होऊन बंदरांवर पहारा ठेवला. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून मोटारी घेऊन आलेल्या जहाजांत ढेकूण सापडताच ती जहाजे माल न उतरविता परत पाठविण्यात आली. आपल्या देशातही बाहेरून येणाऱ्या वनस्पतिजन्य मालाच्या तपासणीसाठी १९१४ चा विनाशक कीटक व कीड अधिनियम आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. बंदरावरील तपासणी शासन करू शकते. बांधावरील तपासणी मात्र गावानेच करावयाची असते.

विदर्भाचा अनुभव

ही केवळ परदेशची कथा नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आलेले गाजरगवत आज मानोऱ्याच्या प्रत्येक रस्त्याकडेला उभे आहे. मूळ उत्तर अमेरिकेतील पिठ्या ढेकूण २००५ नंतरच्या हंगामांत भारतातील कापसावर पसरला, आणि त्याला आसरा देणाऱ्या तणांमध्ये हेच गाजरगवत प्रमुख होते. एका परक्या तणाने दुसऱ्या परक्या किडीला घर दिले. पुढे पिठ्या ढेकणावर जगणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी शेतांत आपोआप आढळू लागली व तिने त्याचा जोर बराच कमी केला. मक्यावरील लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आढळली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली.

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्या अनुभवातून राज्याने २००९-१० पासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू केला. नेमलेल्या शेतांत ठराविक दिवशी किडींची मोजणी करावयाची, आकडे एकत्र करावयाचे आणि त्यावरून सल्ला द्यावयाचा, अशी त्याची रचना आहे. उद्रेक झाल्यावर धावण्याऐवजी आधी मोजावे, हे तत्त्व या प्रकल्पाने राज्यात रुजविले.

घाईची फवारणी

न मोजता फवारणी करण्याचे मोल काय असते, हे मानोऱ्याच्या शेजारीच दिसून आले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दाट वाढलेल्या पिकात अनेक औषधांचे मिश्रण अपुऱ्या संरक्षक साधनांनिशी फवारले गेले होते. कीड ओळखण्यात झालेली चूक केवळ पैशांची नसते. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराचा जीव तिच्यात गुंतलेला असतो.

घाईच्या फवारणीने आणखी एक हानी होते. प्रत्येक ढालीसारखा ढेकूण शत्रू नसतो. कँथेकोना नावाचा ढेकूण सोयाबीन व तुरीवरील अळ्यांना सोंड खुपसून मारतो. त्याच्या खांद्यांवर टोकदार काटे असतात व सोंड जाड असते. ट्रिसोल्कस नावाची सूक्ष्म गांधीलमाशी हिरव्या ढेकणाच्या अंड्यांतच आपली अंडी घालते आणि अशी अंडी काळी पडतात. एका सरसकट फवारणीत हे सर्व मित्र मरतात व पुढील पिढीतील ढेकणांना मोकळे रान मिळते.

ब्राझीलमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास सोयाबीनवर हंगामात सरासरी सहा फवारण्या होत. शेतकऱ्यांना नियमित मोजणीचे शिक्षण दिल्यावर त्या सुमारे दोनवर आल्या. मोजणीचे साधन अगदी साधे होते: एक मीटर लांबीचे पांढरे कापड. ते दोन ओळींमध्ये अंथरावयाचे, मीटरभर ओळीतील झाडे त्यावर झटकावयाची आणि पडलेले ढेकूण मोजावयाचे. धान्याच्या पिकात मीटरमागे दोन व बियाण्याच्या पिकात मीटरमागे एक मोठा ढेकूण आढळल्यासच उपाय करावा, असा तेथील दंडक आहे. आपल्या पिकासाठीची आर्थिक नुकसानीची पातळी व औषधाची निवड अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ठरवावी. कापडाची पद्धत मात्र कोणत्याही गावाला उद्यापासून वापरता येईल.

शाळेसाठी तीन पाठ

पहिला पाठ निरीक्षणाचा. ऑगस्टच्या अखेरीपासून शेंगा भरेपर्यंत आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी शाळेजवळच्या फवारणी न झालेल्या शेतात, मालकाच्या परवानगीने, पाच ठिकाणी कापड अंथरून मोजणी करावी. दिनांक, पीक, पिकाची अवस्था, ढेकणांची संख्या आणि पिले की प्रौढ, एवढ्या बाबी वहीत लिहाव्यात. एकही ढेकूण न सापडल्यास शून्य लिहावे. शून्याची नोंद ही वाया गेलेली नोंद नव्हे. पुढे कीड कधी आली हे तिच्यावरूनच कळते.

दुसरा पाठ अंड्यांचा. अंड्यांचा पुंजका असलेले पान काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे कापड बांधावे. काही दिवसांत पिले बाहेर पडतात की बारीक काळ्या माश्या, ते पाहावे. माश्या निघाल्यास त्या शेतात सोडाव्यात. शेतात आपले मित्र काम करीत आहेत, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा होय.

तिसरा पाठ बियाण्याचा. कापणीनंतर घरच्या सोयाबीनमधून न निवडता १०० दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळावेत आणि सुमारे आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवल्यास बियाणे योग्य समजतात. त्याच ढिगातील डागाळलेले, सुरकुतलेले १०० दाणे वेगळे मांडून तुलना केल्यास विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांनाही बरेच काही न सांगता कळेल.

पंचायतीचे कर्तव्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे व तिने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अनेक गावांत ही वही एकदा लिहून कपाटात ठेवली जाते. तिच्यात किडींचे व मित्रकीटकांचे एक पान उघडून शाळेतील नोंदी दरवर्षी उतरवून घेतल्यास ती खऱ्या अर्थाने जिवंत राहील. अपरिचित कीटक आढळल्यास तो चिरडून टाकू नये; झाकणाच्या बाटलीत ठेवून दिनांक, शिवार व पिकाचे नाव असलेली चिठ्ठी लावावी आणि गावच्या कृषी कर्मचाऱ्यामार्फत तालुका कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाकडे पाठवावा. ओळख पटेपर्यंत गावात कोणत्याही औषधाची शिफारस तोंडोतोंडी पसरू देऊ नये.

यासोबत आणखी दोन कामे पंचायतीच्या हाती आहेत. रस्त्याकडेचे व गावठाणातील गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी काढणे हे एक. फवारणीच्या हंगामात मजुरांसाठी हातमोजे, मुखपट्टी व चष्मा यांची सोय आणि विषबाधा झाल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात नेण्याची व्यवस्था आधीच ठरविणे हे दुसरे. या कामांना मोठा निधी लागत नाही. हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत निर्णय व्हावा लागतो.

समारोप

ॲलनटाउनच्या नागरिकांना नवा ढेकूण दिसत होता, पण पाच वर्षे तो ओळखला गेला नाही. आपल्या शिवारात काय आहे याची पूर्वीची नोंद असेल तरच नवे काय आले ते समजते. हिरवा ढेकूण मानोऱ्यात उद्या प्रमुख कीड होईल की नाही, हे पीक, हवामान व त्याचे नैसर्गिक शत्रू ठरवतील. तो दिवस उगवण्यापूर्वी गावाला कळावे की नाही, हे मात्र गावाच्या हाती आहे. त्यासाठी मीटरभर पांढरे कापड, एक वही आणि आठवड्यातील एक तास एवढेच लागते. येत्या खरिपापासून प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने एवढा प्रारंभ करावा.